लई दिवसांनी आलात

आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की भेटायला जावंच लागतं. एखाद्या लग्नाला नाही गेलं तर लोक दोन शब्द बोलून सोडून देतात, पण 'आजारपणात तोंड दाखवलं नाही' ही गोष्ट भावकी जन्मभर धरून ठेवते. म्हणून सगळे येतात. हातात शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा, आणि तोंडात एकच प्रश्न. पलंगाच्या उशाशी वाकायचं, आणि पडलेला माणूस बहिराच झालाय असं समजून ओरडायचं, "वळखलं का मला?"

मूळव्याधीच्या रोग्यालाही हा प्रश्न विचारताना मी ऐकलंय. त्या बिचाऱ्याचं दुखणं कुठं आणि ह्यांची चौकशी कुठं! पण तिथं निदान नुकसान होत नाही. आमच्या ह्यांना मेंदूज्वर झाला होता. त्यांना 'वळखलं का' विचारणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला जरा पळून दाखव म्हणण्यासारखं होतं. आणि कटकट अशी की आमचे हे पळूनही दाखवायचे.

ते कसं, हे कळायला आमचे हे कोण होते ते सांगावं लागेल. गुलमंडीवरच्या एका साड्यांच्या दुकानात ते उभी हयात गादीवर बसले. मालक नव्हेत, विकणारे. दुकानात गिऱ्हाईक चढलं की त्याच्याकडं बघून, जणू आपली बहीणच माहेरी आलीय अशा आवाजात ते म्हणायचे, "या, या! लई दिवसांनी आलात! घरचे बरे ना सगळे?" बाई पहिल्यांदाच आलेली असली तरी तिला वाटायचं, आपण ह्यांच्या ओळखीच्या आहोत, आपणच विसरलो. मग ती बसायची. बसली की घेतल्याशिवाय उठायची नाही. मी एकदा विचारलं होतं, "इतक्या बायका तुमच्या ध्यानात कशा राहतात हो?" तर हसून म्हणाले, "ध्यानात कशाला ठेवायला लागतं? माणसाला वळखलं म्हटलं की त्याचं पोट भरतं." मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं ते बोलणं.

आजार सुरू झाला तो डोकेदुखीनं. आता इथं कुणाचंही डोकं दुखलं की ते पित्तच असतं. ह्यांचंही पित्तच ठरलं. दुकानातल्यांनी सोडा पाजला, मी आवळा दिला, शेजारणीनं डोक्याला लावायला कसलं तरी तेल दिलं. मग ताप आला. तापात हे सारखं विचारायला लागले, "अगं, काय जळतंय? दूध लागलं का बुडाला?" मी ओट्याशी जाऊन बघायचे. गॅस बंद. दूध फ्रिजमध्ये. परत येऊन सांगायचे, काही जळत नाही, पडा. जरा वेळानं पुन्हा तेच, "दूध जळतंय गं." मला राग यायला लागला. आधीच शाळेतून दमून आलेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते तेव्हा. आता तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे पलंगावर बसून टॉवेलची घडी घालताहेत. दुकानात साडीची घालतात तशी, काठ जुळवून, हातानं दाबून. घातली की मोडायची, मोडली की घालायची. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलले, पण ते शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. मग तोंड वाकडं झालं, हात आखडले, आणि झटके सुरू झाले. माझी पाचावर धारण बसली. समोरच्या घरातली शेजारीण, जिला सगळी गल्ली आपा म्हणते, ती पदरानं हात पुसत धावत आली. तिनंच रिक्षा थांबवली, तिनंच ह्यांचे पाय धरले. उस्मानपुऱ्याच्या चौकात सकाळची गर्दी, आणि आपा रिक्षातून बाहेर डोकं काढून लोकांवर ओरडत होती, "हटो ना मियाँ, आदमी बीमार है!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि माझ्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दूध जळण्याचा वास म्हटल्याबरोबर त्यांचा पेन थांबला. तो वास स्वयंपाकघरातून येत नव्हता, मेंदूतूनच येत होता, असं त्या म्हणाल्या. मेंदूला सूज आली होती आणि मेंदूवर जे पातळ पडदे असतात त्यांनाही. विषाणूमुळं. तापानंतर ओठावर पुळ्या उठतात ना, त्यातलाच विषाणू, म्हणाल्या. एखाद्याच्या बाबतीत तो मेंदूत शिरतो. "पण ह्यांच्याच का?" मी विचारलं. "ते कुणालाच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं नाही, संताप आला. डास चावला म्हणा, पाणी खराब म्हणा, कुणाचं तरी नाव घ्या की! ज्याला शिव्या घालाव्यात असं काहीच नसलं की माणूस जास्त दमतो.

औषध लगेच सुरू झालं, पण नक्की तोच आजार आहे का हे बघायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं. तोवर थोरले दीर गावाकडून आले होते. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांची सीताफळांची बाग आहे, घरातले सगळे निर्णय त्यांचेच. त्यांनी ठाम सांगितलं, "पाठीतलं पाणी काढू द्यायचं नाय. माणूस कमरेतनं जातो." त्यांच्याबरोबर आलेल्या चौघांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला कमरेतून गेलेला एकेक माणूस माहीत होता. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं, असं काही होत नाही. दीर म्हणाले, "विचार करून सांगतो." म्हणजे नाही.

थोरल्या दिरांसमोर मी लग्नापासून कधी आवाज चढवला नव्हता. पदर सुद्धा डोक्यावरून ढळू दिला नव्हता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "दादा, कमरेतनं गेले तर मी उचलीन. डोक्यातनं गेले तर कोण उचलणार?" सही मी केली. दीर बाहेर जाऊन बाकावर बसले, आणि नंतर पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पाणी काढलं. कंबर शाबूत राहिली. ताप उतरला, झटके थांबले, आणि एका सकाळी हे उठून बसले. केस विंचरून द्या म्हणाले. मी खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. मला वाटलं सुटलो. आणि त्याच दिवसापासून भेटायला येणाऱ्यांना आत सोडायला लागले.

पहिले दीरच आत आले. वाकले. "वळखलं का रं?"

ह्यांचा चेहरा उजळला. "या, या! लई दिवसांनी आलात! घरचे बरे ना सगळे?"

दिरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "वळखलं! मला बघताच वळखलं!" मग आत्याचा मुलगा गेला, चुलत सासू गेल्या, दुकानातले गेले. प्रत्येकाला तेच. 'या, या. लई दिवसांनी.' प्रत्येकजण डोळे पुसत बाहेर. मी भिंतीला टेकून उभी होते, पलंगाजवळ जात नव्हते. कारण दीर काही लई दिवसांनी आले नव्हते. ते रोज येत होते. आणि तो आवाज घरातला नव्हता, दुकानातला होता. घरात हे भावाला 'आलास व्हय' म्हणायचे, आणि पेपर वाचत राहायचे.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. ह्यांनी हात जोडले, "या मॅडम, लई दिवसांनी आलात! घरचे बरे ना सगळे?" त्या हसल्या. तपासलं, आणि हात धुवायला बाहेर गेल्या. रुमालाला हात पुसत परत आत आल्या. ह्यांनी हात जोडले. "या मॅडम, लई दिवसांनी आलात!" तोच आनंद, तीच जवळीक. माझ्या पाठीमागं दीर कुणाला तरी म्हणत होते, "बघा, डॉक्टरलासुदिक वळखतोय!" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. जीव वाचला, हे मोठं आहे. पण मेंदूचा जो भाग नवीन आठवणी साठवतो तोच सुजला होता. जुनं बरंचसं राहील, नवं टिकणार नाही. माणसं कधी लक्षात येतील, कधी येणार नाहीत. बोलणंचालणं, रीतभात मात्र शाबूत राहील, त्यामुळं लोकांना वाटेल बरे झाले. "तुम्हाला ओळखतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विचारलं नाही." "विचारून बघा एकदा." मी हो म्हटलं. विचारलं नाही. सगळी भावकी विचारून गेली, गल्ली विचारून गेली, एकटीनं मी नाही विचारलं. त्यांनी मला 'या, या' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

घरी आलो. उस्मानपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत ह्यांचा दिवाण, समोर पाहुण्यांसाठी खुर्ची. आणि पाहुणे काही थांबेनात. दवाखान्यात जमलं नाही म्हणून घरी. घरी एकदा झालं तरी 'इकडं कामानं आलो होतो' म्हणून पुन्हा. चहा टाकून टाकून माझे हात दुखायला लागले. हे लोडाला टेकून बसायचे, दाढी केलेली, स्वच्छ सदरा, हसतमुख. मी आतबाहेर करणारी, केस विस्कटलेले, तोंड आंबट. जाऊ म्हणाली, "भाऊजी तर लई टवटवीत दिसतात गं. तुझंच तोंड उतरलंय." व्हय बाई, उतरलंय. ज्याचं जळतं त्याला कळतं.

एकदा ती समोर बसली असताना हे तिला म्हणाले, "काय सांगू, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही." मी नुकतंच भाकरी, मेथीची भाजी, वर ताक असं त्यांना पोटभर वाढून ताट उचललं होतं. जाऊ माझ्याकडं बघायला लागली. बोलली काही नाही, पण गावी जाऊन काय बोलली असेल ते मी इथं बसून ऐकलं. मी चिडून म्हटलं, "जेवलात की आत्ता!" हे गोड हसले. "असेल, असेल. तुम्ही म्हणता तर असेल." दुकानात गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नसतो.

मुलगी जालन्याला दिलीय. ती येऊन जाऊन असायची, पण तिचं लेकरू लहान. रोज फोन करायची. फोनवर हे तिच्याशी झकास बोलायचे, फोन ठेवला की विचारायचे, "कोण होत्या?" हे मी तिला कधी सांगितलं नाही. झाकली मूठ. एकदा तिनं विचारलं, "आई, बाबा तुला तरी ओळखतात ना गं?" मी म्हटलं, "न ओळखायला काय झालं!" आणि मग लगेच पाण्याचा विषय काढला. आमच्याकडं नळाला पाणी येणं हा विषय कधी संपत नाही, तेवढा एक उपयोग.

मी स्वतःची समजूत घालत असे. हे दिवसभर 'अगं' म्हणून हाका मारतात ना? 'अगं, चष्मा.' 'अगं, पाणी.' मग ओळख आहेच की. परक्या बाईला कोणी अगं म्हणतं का? याच्यावर माझे कितीतरी महिने निघाले. मग एकदा मला ताप भरला म्हणून आपा आली. मला पडून राहायला लावलं आणि तिनं चहा केला. पुढच्या खोलीतून ह्यांची हाक, "अगं, झाला का चहा?" आपा कप घेऊन बाहेर गेली. मी दारातून बघत होते. ह्यांनी कप घेतला, घोट घेतला, आणि आपाच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "साखर कमी पडली गं आज." अगदी मला म्हणतात तसं. आपा गडबडली, पण लगेच सावरून म्हणाली, "हौ, डालती अभी." आत आली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. त्यांची हाक स्वयंपाकघराला होती. तिथून जी येईल ती.

दुकानाच्या मालकाला वाटलं, गादीवर बसवलं तर माणूस ताळ्यावर येईल. मलाही वाटलं. ह्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसणारे एक चाचा होते, ते स्वतः घ्यायला आले. हे इस्त्रीचे कपडे घालून निघाले तेव्हा मी दारात उभी राहून बघत राहिले. पाठमोरे अगदी पहिल्यासारखे दिसत होते. जेवणाच्या वेळेआधीच चाचा त्यांना परत घेऊन आले. हे हातपाय धुवायला गेल्यावर चाचांनी सांगितलं. बोलणं तेच, हात तेच. पदर असा फेकायचे की समोरची बाई बघत राहावी. पण एकच मोरपंखी साडी. दाखवली, घडी घातली, आणि 'आता तुम्हाला एक वेगळी चीज दाखवतो' म्हणून पुन्हा तीच उलगडली. बाया आधी हसल्या, मग एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "भाभी, मेरे से देखा नहीं गया," चाचा म्हणाले, आणि टोपी काढून रडायला लागले. हे बाहेर आले, चाचांना बघितलं. "या, या! लई दिवसांनी!"

तोवर मी शाळेतून रजेवर होते, त्यानंतर नोकरीच सोडली. कोणी म्हणतं, नवऱ्यासाठी केवढा त्याग. त्याग कसला, घरी कुणीतरी पाहिजे म्हणून सोडली. बाहेरच्या दाराला आतून वरची कडी बसवून घेतली, कारण एकदा हे भाजी आणायला म्हणून निघाले आणि पार हर्सूलच्या तलावाकडं सापडले. एका पानटपरीवाल्याशी गप्पा मारत होते, त्याला वाटलं जुनी ओळख आहे. दिवसभर सांगायचं, विचारलं की पुन्हा सांगायचं, पुन्हा विचारलं की पुन्हा. शाळेतल्या पोरांना पाढे शिकवले मी जन्मभर, पण पोरं कधी तरी पाठ करतात हो. मी ओरडायचे. ओरडलं की हे घाबरून बघायचे, आणि थोड्या वेळानं ओरडणं त्यांच्या ध्यानात नसायचं, माझ्या असायचं. हे फार वाईट. भांडण करायला सुद्धा दोन माणसं लागतात.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी पाणी आलं होतं, म्हणजे पहाटेपासून मी ड्रम, हंडे, कळश्या भरत होते. पाणी संपतंय तोवर गावाकडून जीप आली. दीर, जाऊ, आणखी भावकी, एका सोयरिकीसाठी शहरात आलेली. सगळ्यांची जेवणं झाली. प्रत्येकानं 'वळखलं का' विचारलं, प्रत्येकाला वळखलं. दीर जाताना म्हणाले, "आता काय, पहिल्यासारखाच झालाय. तू उगं काळजी करती." मी मान हलवली. वाद घालायची ताकद नव्हती. जीप गेली. दाराची कडी सुद्धा न लावता मी पुढच्या खोलीत आले आणि पाहुण्यांच्या खुर्चीत धपकन बसले. त्या खुर्चीत मी कधी बसत नाही. सकाळी लोक येणार म्हणून अंगावर बरी साडी होती, ती तशीच. डोळे मिटले. भांडी पडली होती, पडू द्या म्हटलं.

डोळे उघडले तर हे माझ्याकडं बघत होते. डुलकी काढून नुकते उठले होते. माझ्या तोंडाकडं बघितलं, साडीकडं बघितलं. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! लई दिवसांनी आलात! घरचे बरे ना सगळे?"

इतके दिवस ज्याला भीत होते ते असं भर दुपारी, भांडी खरकटी असताना, समोर येऊन बसलं. मी रडले नाही. इतकी दमले होते की रडायलाही उठून कुठं तरी जावं लागेल असं वाटलं. आणि मग तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी विचारलं, मग मीच काय घोडं मारलंय?

"वळखलं का मला?" मी विचारलं.

"वळखलं की! न वळखायला काय झालं!" त्यांनी हात जोडले. मग मान वळवून आत हाक मारली, "अगं ए, पाहुण्या आल्यात. चहा टाक."

आत कोण असणार? सवयीनं मी खुर्चीचे हात धरून उठायला लागले, चहा टाकायला.

"बसा, बसा. राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा आतल्या दाराकडं बघितलं, जरा वेळ कान दिला. मग दिवाणावरून पुढं वाकले, आणि आवाज खाली आणून बोलायला लागले. तो आवाज दुकानातला नव्हता. किती तरी दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

"ताई, तुम्हाला एक सांगू का? राग मानू नका. आमची घरातली लई दमलीय. झोप लागली असंल तिला. दिसभर लोक येतात, बसतात, उठायचं नाव घेत नाहीत. ती बोलत नाही कुणाला, पण मला दिसतं ना. पाठ टेकलेली नाही तिनं." ते थांबले, अवघडल्यासारखे हसले. "गिऱ्हाईकाला असं म्हणू नये. पण आज तुम्ही निघा. जरा पडू द्या तिला. आणि दार हळू ओढा."

मी उठले. माझ्याच घरातून, पाहुण्या बाईनं निघावं तसं, पदर नीट करून म्हटलं, "बरं, येते मी." त्यांनी हात जोडले. ओठावर बोट ठेवून पुन्हा आतल्या दाराकडं खूण केली, आवाज नको म्हणून. मी चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढलं, आणि बाहेरच्या पायरीवर बसले. मग रडू आलं. तोंडात पदर कोंबून रडले, आत आवाज जाऊ नये म्हणून.

समोरून आपानं बघितलं आणि धावत आली. "कायकू बाहर बैठे भाभी? क्या हुआ?"

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. म्हटलं, "हळू बोल. आत ती झोपलीय."